जया जपानला गिलावा करते

नारायणगावला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बायका येतात त्या बहुतेक रंगाचं कार्ड बघायला, नाहीतर नळाची तोटी बदलून न्यायला. जया पहिल्यांदा आली ती थापी घ्यायला. खोडदच्या भिमाजी गवंड्याची ही मुलगी, तेव्हा नुकती बारावी झालेली. गल्ल्यावर माझे वडील, दलीचंदशेठ, बसले होते. त्यांनी तिच्यापुढे दोन-तीन थाप्या ठेवल्या आणि विचारलं, "भिमाजीच्या हाताला कुठली चालती, माहितीये का पोरी?"

"अण्णांना नको, मला पायजे," जया म्हणाली. "माझा हात बारीक हाये. मूठ पातळ बघा."

वडिलांनी चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं आणि मला हाक मारली, "प्रितम, गोदामातला सगळा खोका आण." पोरीने एकेक थापी उचलून हवेत फिरवून बघितली. दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम विसरून तिच्याकडे बघत राहिली.

त्याचं झालं होतं असं. भिमाजीचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. खोडदमध्येच एका घराचं काम चालू होतं, वास्तुशांतीची तारीख पक्की, आमंत्रणं वाटून झालेली, आणि छताचा गिलावा अर्धा राहिलेला. दुसरा गवंडी मिळेना. जया आणि तिची आई भागू दोघी भिमाजीच्या हाताखाली माल द्यायला असायच्या. भिमाजीची थापी उचलून जया परांचीवर चढली. छताचा गिलावा म्हणजे या धंद्यातली सगळ्यांत अवघड जागा. माल वर फेकायचा आणि तो आपल्याच तोंडावर यायच्या आत पसरायचा. पहिल्या खोलीत छतापेक्षा तिच्या केसांतच जास्त सिमेंट गेलं. खाली उभा राहून भिमाजी ओरडत होता, "मनगटानं मार! खांद्यानं मारशील तर माझ्यासारखी बसशील!" दुसऱ्या खोलीपर्यंत तिला लय सापडली. घरमालकाने बल्ब छताला चिकटवून धरला, कारण गिलाव्यातला चढ-उतार असा आडव्या उजेडातच कळतो. त्याने बल्ब इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाला, "बाकीच्या खोल्याबी हिलाच करू द्या."

तिथून जयाचं नाव झालं. पुढं महाळुंगे पडवळच्या गोरखचं स्थळ आलं. गोरखचा टोमॅटो वाहतुकीचा पिकअप आहे, रोज आमच्या नारायणगावच्या मार्केटला येतो, मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा माणूस. बघायला आले तेव्हा मध्यस्थाने रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला सैपाक येतो का? भिमाजी म्हणाला, "भाकरी येती की. पण खरं सांगू का पावणं, गिलावा त्याहून चांगला येतो."

गोरखला एवढं हसू आलं की त्याचा चहा बशीतून पँटवर सांडला. त्याने जयाला एकच विचारलं, "लग्नानंतरबी करणार का?"

"करणार."

"मग बरं झालं. आमच्या माडीचा गिलावा राहिलाय."

त्याची आई प्रयागबाई मात्र हसली नाही. सून परांचीवर चढणार हे तिला काही पटलेलं नव्हतं. पण लग्न झालं, आणि माडीचा गिलावाही झाला.

या सगळ्यात जपान आलं ते माझ्या बायकोमुळे. राखी पुण्यात वाढलेली. कॉलेजात असताना ती जपानी शिकली, काही वर्षं एका कंपनीत भाषांतराचं काम केलं, आणि लग्नानंतर नारायणगावच्या घरी बसून लॅपटॉपवर जपानीचे वर्ग घेऊ लागली. आम्ही घरावर मजला चढवला तेव्हा गिलाव्याचं काम अर्थातच जयाला दिलं. राखीचा वर्ग एका खोलीत, जयाचं काम शेजारच्या खोलीत, मध्ये दाराला अजून फळी नाही. राखी म्हणायची, "कोरे वा नान देसु का?" आणि लॅपटॉपमधली मुलं म्हणायच्या आधी पलीकडून आवाज यायचा, "कोरे वा काबे देसु!"

राखी उठून बघायला गेली. जया गिलावा गुळगुळीत करायचा गुरमाळा भिंतीवर फिरवत होती, पाठमोरी.

"जया, तुला कळतंय हे?"

"हे काय आहे, असं तुमी इचारलं. मी म्हणलं, ही भिंत आहे." जया वळली. "वहिनी, एक सांगू? ही लोकं लई आपल्यासारखी बोलत्यात. मी, भिंत, लिंपते. क्रिया शेवटाला. आमच्या शाळेतल्या इंग्रजीसारखं मधीच घुसडत न्हाईत."

राखी त्या दिवशी दुपारी मला दुकानात फोन करून हे सांगत होती, तेव्हा तिच्या आवाजात असं काही होतं की मी काट्यावरचे खिळे मोजायचे थांबलो. दुसऱ्या दिवसापासून जयाच्या जेवणाच्या सुट्टीत दोघींची शिकवणी सुरू झाली. आणि असंच एकदा बोलता बोलता राखीने सांगितलं, की जपानमध्ये गिलावा करणारी माणसं कमी पडू लागलीत, तिथली तरुण पोरं या कामाला येत नाहीत, म्हणून ते बाहेरून कारागीर बोलावतायत. भाषेची परीक्षा असते, कामाची असते.

"बायांनाबी घेत्यात?"

"घेतात."

जयाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग तिने विचारलं, "माझ्या कामाला तिकडं काय म्हणत्यात?"

"साकान."

"साकान," जया म्हणाली. परत म्हणाली. आपल्याकडे गवंडी म्हटलं की बापई माणूसच डोळ्यांपुढं येतो, बाईला वेगळा शब्दच नाही. हा शब्द तिला आवडला. संध्याकाळी स्कूटी काढताना ती हेल्मेटच्या आत तोच पुटपुटत होती.

घरी जाऊन तिने गोरखला सांगितलं आणि तिथेच चूक झाली. दुसऱ्या दिवशी टोमॅटो मार्केटमध्ये एकही आडत राहिली नाही जिथे गोरखने सांगितलं नाही. "आमची मंडळी चालली जपानला!" जयाला अजून जपानी बाराखडी पुरती येत नव्हती, आणि खोडदपासून मंचरपर्यंतची माणसं तिला विचारू लागली, विमान कधीचं? कुणी म्हणालं, येताना कॅमेरा आण. माझ्या दुकानात येऊन एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "प्रितमशेठ, ती बाई तिकडं गेली तर आमच्या बाथरूमचं काम कोण करणार?"

जया गोरखवर चिडली. पण मला वाटतं, आतून तिला बरंही वाटलं. सगळ्यांना कळल्यावर आता मागे फिरणं अवघड होतं.

पुढचं वर्षभर तिने जो अभ्यास केला तो बघण्यासारखा होता. कानात इयरफोन, हातात थापी. अक्षरांचा सराव ती ओल्या गिलाव्यावर करायची. थापीच्या टोकाने लिहायचं, मोठ्याने म्हणायचं, गुरमाळ्याने पुसून टाकायचं, परत लिहायचं. अवसरी खुर्दला बाळासाहेब म्हणून एकाचं काम चालू होतं, इंजिनिअरिंगच्या पोरांना भाड्याने द्यायच्या खोल्यांचं. तो सकाळी काम बघायला आला तर अख्ख्या भिंतीवर ही चिन्हं. माणूस दारातच थबकला.

"जयाबाई, हे मंतर-बिंतर काय लिवलंय का माझ्या घरात?"

"न्हाई ओ दादा. हे बघा, पाणी. ही माती. हे घर."

बाळासाहेबाने खात्री करून घेतली, दोनदा विचारलं, आणि मग थोडा लाजत म्हणाला, "माझं नाव लिव की एक. पुसू नको ते." जिन्याखालच्या भिंतीवर ते अजून आहे. तिथे राहणारी पोरं त्यासोबत फोटो काढतात.

आणि एवढं करून भाषेच्या परीक्षेत ती नापास झाली.

वाचायचं तिला येत होतं, पण ऐकण्याच्या भागात गडबड झाली. राखी एका गतीने बोलायची, परीक्षेतली माणसं भरभर बोलत होती. निकाल कळला तेव्हा ती थेट दुकानात आली, पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा प्यायली. राखीने तिला आत नेलं. प्रयागबाई घरी म्हणाली, "बरं झालं. दोन वर्षं झाली लग्नाला, आता जरा घरात बघा." मार्केटमध्ये तर विचारूच नका. एका आडत्याने सगळ्यांसमोर हाक मारली, "काय गोरख, विमान पंक्चर झालं का?"

गोरख क्रेट उतरवत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "स्टेपनी लावतोय," म्हणाला, "जरा दम काढा."

हे जयाला कुणीतरी सांगितलं. ती नंतर मला म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मला ते माणूस लई आवडलं." दुसऱ्या दिवशी ती परत शिकवणीला हजर. राखीने आता तिला जपानी बातम्या, स्वयंपाकाचे कार्यक्रम, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या मुलाखती असलं काहीबाही ऐकायला लावलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, तेही चांगल्या गुणांनी. कामाची परीक्षा तिला सोपी गेली, फक्त ती होती संगणकावर. पुण्याहून आल्यावर ती हसत हसत सांगत होती, "गिलाव्याची परीक्षा आणि हातात माऊस! मला वाटलं व्हतं थापी लागंल, मी पिशवीत घेऊन गेले. गेटवरच्या माणसानं ठेवून घेतली. म्हणला, ताई, हे हत्यार घेऊन कुठं चालला?"

आता काम देणारा पाहिजे होता. राखीच्या पुण्यातल्या जपानीच्या बाईंच्या ओळखीने कानाझावा नावाच्या शहरातल्या एका छोट्या फर्मचा पत्ता लागला. जुन्या घरांच्या भिंती दुरुस्त करणारी फर्म. त्यांचा निरोप आला: मुलाखत घेऊ, पण त्यात तुम्हाला मातीत काम करताना बघायचं आहे. आमच्या भिंती सिमेंटच्या नाहीत, माती आणि काडाच्या आहेत.

राखीने हे वाचून दाखवलं आणि जयाने ते परत एकदा वाचायला लावलं. सिमेंट, निरू, पुट्टी, जिप्सम, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. मातीची भिंत तिने आयुष्यात लिंपली नव्हती. खोडदमध्ये तिच्या जन्माच्या आधीच सगळी घरं विटांची झाली होती.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा प्रयागबाई चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी उतरवून ती म्हणाली, "मातीच्या भिंतीला एवढं काय रडायचं? आपला जुना गोठा कुणी लिंपलाय, सरकारनं?"

"आत्या, तुमाला येतं?"

"येतं म्हंजी! माझ्या माहेरची सगळी घरं मी आन माझ्या बहिणींनी लिंपल्यात. तुझं सिमेट कालवलं की लगेच लावायचं. मातीचं तसं न्हाई. तिला झोपू द्यावं लागतं."

त्यानंतर महाळुंग्याच्या त्या घरात जे सुरू झालं त्याला तोड नाही. सासूने सुनेला ओढ्याकाठी नेलं आणि माती निवडायला शिकवलं. हातात घेऊन दाबायची, कडेला चिरली तर नको. खड्डा केला, माती भिजत घातली, गव्हाचं काड घातलं, शेण घातलं, आणि दोघी पदर खोचून आत उतरल्या. प्रयागबाई तुडवता तुडवता बोलायची, आणि जी बाई लग्नापासून सुनेशी मोजकंच बोलली तिचं बोलणं आता संपेना. कुठल्या साली कुठलं घर पावसात उभं राहिलं, कुणाच्या भिंतीला भेगा पडल्या आणि का. गोरख बांधावर उभा राहून दोघींचे व्हिडिओ काढायचा आणि शिव्या खायचा.

मुलाखतीच्या दिवशी मी राखीला घेऊन महाळुंग्याला गेलो. भिमाजी आणि भागूही खोडदहून आले होते. गोठ्याच्या भिंतीपुढं गोरख फोन धरून उभा. पडद्यावर फर्मचा मालक आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, सुरकुतलेला, शांत चेहऱ्याचा म्हातारा. कारागिरांच्या मुख्याला तिकडे ओयाकाता म्हणतात. जया लिंपू लागली. ओयाकाता बघत राहिला. गोरखचा हात भरून आला तेव्हा मी फोन धरला. शेवटी म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला आणि राखीने तो मराठीत सांगितला, "ते विचारतायत, माती किती दिवस भिजवली?"

जया उत्तर द्यायच्या आत प्रयागबाई पुढं आली, चिखलाच्या हातांसकट. "दिवस कोण मोजतंय? वास येईस्तवर."

राखीने भाषांतर केलं. ओयाकाता मान मागे टाकून हसला. आमच्याकडेही माती वास सुटेपर्यंतच ठेवतात, म्हणाला, माझी आजीही असंच सांगायची. मग त्याने प्रयागबाईला ओंजळभर माती कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितली आणि तो इतका पुढे वाकला की पडद्यावर नुसतं त्याचं नाक दिसू लागलं.

शेवटी त्याने जयाला विचारलं, तुला इथे का यायचंय? याचं उत्तर राखीने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, चांगली मोठी चार वाक्यं. जयाला त्यातलं एकही आठवेना. ती भिंतीकडे वळली, परत फोनकडे वळली आणि म्हणाली, "काबे गा सुकि देसु." मला भिंती आवडतात.

"योशी," ओयाकाता म्हणाला. राखीने भाषांतर केलं नाही. करायची गरजच नव्हती, तिचा चेहराच सगळ्यांना दिसला. गोरखने अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली.

व्हिसा येईपर्यंत प्रयागबाईने अख्ख्या गावाला सांगून टाकलं, "माझ्या चिखलावर पास झाली पोरगी." आता मार्केटमध्ये गोरख आणि गावात त्याची आई. जयाला स्वतःला काही सांगायचं कामच उरलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही दोन गाड्या करून गेलो. जया जीन्स आणि नव्या बुटांत, सारखी पासपोर्ट चाचपत. रडारड होईल असं मला वाटलं होतं. थोडी झालीही, पण खरं तर सगळ्यांचं लक्षच थाऱ्यावर नव्हतं. भिमाजी काचेची ती प्रचंड भिंत कशाच्या आधारावर उभी आहे ते शोधत होता. गोरख प्रत्येक पाटीचा फोटो काढत होता. भागू, जिने उभ्या आयुष्यात घमेली वाहिली, लेकीचा हात धरून म्हणाली, "मी लई माल वर पोचवला, पण दुसऱ्या मजल्याच्या वर कधी गेले न्हाई. तू ढगात चाललीस. खिडकीतून काय दिसतं ते मला सांग." जयाने खरंच सांगितलं. टोकियोला उतरल्यावर तिचा पहिला आवाजी निरोप आला तो आईसाठी होता, ढग वरून कापसाच्या ढिगासारखे दिसतात म्हणून. दुसरा माझ्यासाठी: "भाऊ, हितल्या विमानतळाच्या भिंतीला हात लावून बघितला. एक लहर न्हाई ओ! शिपाई माझ्याकडं बघत व्हता."

तिकडचे पहिले महिने मात्र तिला भिंतीला हात लावू दिला नाही. माती कालवायची, माल पोचवायचा, संध्याकाळी सगळ्यांच्या थाप्या धुऊन पुसून ठेवायच्या. त्यांच्याकडे एकेका कारागिराकडे इतक्या तऱ्हेच्या थाप्या असतात की दुकानदार असून मला हेवा वाटला. कोपऱ्याची वेगळी, खिडकीच्या कडेची वेगळी, शेवटच्या हाताची पानासारखी पातळ. थंडीत तिच्या हातांना भेगा पडल्या. एका रविवारी ती फोनवर राखीला म्हणाली, "वहिनी, मी आईचंच काम करायला एवढ्या लांब आले का?" राखीने तिला समजावलं नाही, फक्त ऐकून घेतलं. पण ओयाकाता बघत असावा. कारण बर्फ वितळल्यावर एका जुन्या कोठाराच्या मागच्या भिंतीपाशी त्याने तिला हाक मारली आणि स्वतःची थापी तिच्या हातात दिली.

ते सांगायला तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा आम्ही सगळे दुकानात होतो. गोरख क्रेट पोचवून आलेला, माझे वडील गल्ल्यावर; राखी तेवढी घरी वर्ग घेत होती. जया ओरडूनच बोलत होती. तिने भिंत केली, ओयाकाताने बघितली आणि सगळी खरवडून काढली. परत कर, म्हणाला. तिने परत केली.

"मग?" गोरखने विचारलं.

"मग त्यानं बल्ब लावला न्हाई, काय न्हाई. गाल भिंतीला टेकवून, एक डोळा मिटून बघितलं. आन काय न बोलता दुसऱ्या भिंतीकडं निघून गेला."

"म्हंजी?"

"म्हंजी ठेवली! आता पुढची बाजूबी माझीच. रस्त्यावरची! येणारी-जाणारी बघणार!" तिने फोन फिरवला. काळ्या कौलांचं उंच कोठार, त्याच्यापुढं बांबूची परांची, ढगाळ, निळसर आभाळ, आणि खाली घमेल्यात कालवलेली पिवळी माती. मागून कुणीतरी जपानीत हाक मारली. जयाने तिकडे तोंड करून तितक्याच जोरात जपानीत उत्तर दिलं. वडिलांनी मला विचारलं, काय म्हणाली? मी काय सांगणार?

"ठेवते भाऊ," जया म्हणाली, "माल सुकतोय," आणि पडदा बंद झाला.